कसावाचे पीठ दरवर्षी का बिघडते: काळपट रंग, आंबूस वास, कडवटपणा आणि पावसाळ्यातील गाठी

मुंबईत घरी किंवा बचत गटात कसावाचे पीठ तयार करणाऱ्यांची तक्रार बहुधा ठरावीक क्रमाने येते. जानेवारीत केलेले पीठ चांगले निघते, मार्चअखेरीचे थोडे करडे दिसते आणि पावसाळा सुरू झाला की डबा उघडताच कुबट वास येतो, पिठात गाठी सापडतात, कधी किडेही दिसतात. दोष डब्याला दिला जातो. डबा बदलतो, त्यात तमालपत्र किंवा लवंगा टाकल्या जातात, आणि पुढच्या वर्षी तोच प्रकार पुन्हा घडतो. डब्यात दिसणाऱ्या बहुतेक बिघाडांचे मूळ पीठ डब्यात जाण्यापूर्वीच्या दीड-दोन दिवसांत असते. कंद जमिनीतून निघाल्यापासून पीठ कोरडे होईपर्यंत किती वेळ गेला आणि ते खरोखर किती कोरडे झाले, या दोन गोष्टी तपासल्याखेरीज साठवणुकीचे उपाय करण्यात अर्थ नाही. म्हणून पुढे लक्षणे त्याच क्रमाने घेतली आहेत.

प्रथम एक खुलासा. येथे पूर्ण कंदाच्या, न आंबवलेल्या पिठाचा विचार केला आहे. दुकानात ‘टॅपिओका पीठ’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटात पुष्कळदा नुसता स्टार्च असतो. तामिळनाडूतील सेलम भागात ज्यापासून साबुदाणा तयार होतो, तोच हा पदार्थ. तो पांढराशुभ्र असतो, बोटांत दाबल्यास करकरतो आणि पाण्यात शिजवल्यास जवळजवळ पारदर्शक खळ होते. पूर्ण कंदाचे पीठ किंचित मलईच्या रंगाचे असते, त्यात बारीक तंतू असतात आणि त्याची खळ धूसर दिसते. स्टार्चच्या पांढरेपणाशी तुलना करून आपले पीठ ‘काळे पडले’ असा निष्कर्ष काढणारेही भेटतात. अशा वेळी बिघाड काहीच नसतो.

पीठ करडे किंवा निळसर काळे पडणे

कसावा हा बटाट्यासारखा टिकणारा कंद नाही. बटाटा जमिनीतून निघाल्यावरही सुप्तावस्थेत जिवंत राहतो व पुन्हा अंकुरतो. कसावाचे मूळ हे केवळ साठ्याचे मूळ असते आणि झाडापासून तुटल्यावर त्याचा ऱ्हास लगेच सुरू होतो. काढणीच्या वेळी झालेल्या जखमांपासून आत ऑक्सिडीकरणाची साखळी चालू होते, स्कोपोलेटिन नावाचे द्रव्य तयार होते आणि साधारण २४ ते ७२ तासांत गराच्या शिरांमध्ये निळ्या-काळ्या रेषा उमटतात. ही बुरशी नव्हे, कुजणेही नव्हे. कुजण्याचा टप्पा त्यानंतर येतो. मात्र त्या रेषा किसात आणि पुढे पिठात उतरतात, आणि मग कितीही चाळले तरी रंग जात नाही.

मुंबईची खरी अडचण येथेच आहे. उत्तम पिठासाठी काढणीनंतर २४ तासांच्या आत सोलणे, किसणे आणि वाळवणे सुरू व्हावे, असा सर्वत्र मान्य नियम आहे. केरळमधून निघालेला माल घाऊक बाजारातून माटुंग्याच्या किंवा चेंबूरच्या किरकोळ विक्रेत्याकडे येईपर्यंत हा अवधी बहुधा संपलेला असतो. त्यामुळे कंद निवडताना बाहेरच्या सालीवर विसंबू नये. विक्रेत्याची परवानगी घेऊन कंदाचे टोक दोन बोटे आत कापून पाहावे. काप एकसारखा पांढरा आणि चिकट ओलसर असेल तर कंद घ्यावा. टिंब किंवा रेषा दिसत असतील तर भाव कितीही उतरलेला असला तरी पिठासाठी घेऊ नये. देठाचा तुकडा शाबूत असलेले आणि खरचटलेले नसलेले कंद अधिक टिकतात, कारण ऱ्हासाची सुरुवात जखमेपासून होते. लांबट, तुटलेल्या टोकांचे कंद स्वस्त मिळतात आणि सर्वांत आधी बिघडतात.

आणलेला माल त्याच दिवशी किसणे शक्य नसेल तर कंद न धुता, न सोलता ओल्या वाळूत किंवा लाकडाच्या ओलसर भुशात पूर्ण झाकून ठेवावेत. हवा कमी लागल्याने रेषा उमटण्यास विलंब होतो. सोललेला कंद फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून निश्चिंत होणे योग्य नाही. गोठवून ठेवता येतो, आणि मल्याळी किराणा दुकानांत सोललेला गोठवलेला ‘कप्पा’ (कसावाचे मल्याळी नाव) मिळतोही. गोठवल्याने पेशी फुटतात, त्यामुळे वितळल्यावर तो दाबून पिळणे सोपे जाते. पिठासाठी तो महाग पडतो, पण थोड्या प्रमाणात पीठ हवे असेल तर न गोठवलेल्या शिळ्या कंदापेक्षा तोच अधिक चांगला.

कंद पांढरा असूनही पीठ करडे निघत असेल तर किसणी आणि पाणी पाहावे. कंदातील फिनॉल वर्गातील द्रव्ये लोखंडाच्या संपर्कात येऊन डाग धरतात. लोखंडी विळी, गंजलेली किसणी, घासून पत्रा उघडा पडलेली परात यांऐवजी स्टेनलेस स्टील वापरावे. बोअरिंगच्या पाण्यात लोह असेल तर कंद धुण्यासाठी नळाचे पाणी घ्यावे. सोललेले कंद किसण्यापूर्वी उघड्यावर पडू न देता स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावेत, मात्र तास-दोन तासांपेक्षा अधिक नाही.

आंबूस वास

आंबलेल्या वासाचे कारण एकच असते: ओला कीस फार वेळ ओला राहिला. किसलेल्या कसावात साखर, पाणी आणि मुंबईची ऊब हे तिन्ही असल्याने लॅक्टिक आंबवण संध्याकाळपर्यंत सुरू होते. आफ्रिकेत आणि ब्राझीलमध्ये जाणीवपूर्वक आंबवलेले कसावाचे पदार्थ आहेत आणि ते उत्तम असतात. पण भाकरी, थालीपीठ किंवा केक यांसाठी बेचव पीठ हवे असेल तर आंबवण म्हणजे बिघाडच.

सर्वसाधारण चूक कामाच्या वेळापत्रकात असते. रात्री किसणे, पंचात बांधून वजनाखाली ठेवणे आणि सकाळी गच्चीवर पसरणे हे सोयीचे वाटते, पण त्यातील आठ-दहा तास आंबवणाला मिळतात. काम पहाटे सुरू करावे. सोलणे, धुणे आणि किसणे सकाळी आठच्या आत उरकावे, कीस जाड सुती पंचात बांधून त्यावर पाटा किंवा दगड ठेवून तासाभरात पाणी काढून टाकावे, आणि ऊन चढण्याच्या वेळेला चोथा मोकळा करून पसरलेला असावा. किसाचा गोळा जितका कोरडा दाबला जाईल तितका वाळवणीचा वेळ वाचतो. दाबल्यानंतर मुठीत घेतलेला गोळा हात उघडताच भुगा होऊन पडला पाहिजे. तो मुटक्यासारखा टिकून राहत असेल तर पुन्हा दाबावा.

पिळून निघालेले पाणी कुत्र्या-मांजरांना, कोंबड्यांना पोहोचेल असे ठेवू नये आणि झाडांना घालू नये. भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडून द्यावे. कारण पुढे येईलच. त्या पाण्याच्या तळाशी बसणारा पांढरा साका म्हणजे स्टार्च असतो. वरचे पाणी दोन-तीन वेळा बदलून तो स्वतंत्र वाळवता येतो, पण पिठात परत मिसळू नये, कारण तो तासन् तास पाण्यात राहिलेला असतो.

वासावरून शंका येत असेल तर औषधांच्या किंवा प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानात मिळणारा पीएच कागद उपयोगी पडतो. एक भाग पीठ दहा भाग स्वच्छ पाण्यात ढवळून त्यात कागद बुडवावा. न आंबलेल्या पिठाचा सामू (पीएच) सहा ते सातच्या दरम्यान असतो. पाचच्या खाली गेला असेल तर आंबवण झालेले आहे, आणि हा केवळ चवीचा प्रश्न राहत नाही.

कडवटपणा

या लक्षणाकडे सर्वांत गंभीरपणे पाहिले पाहिजे. बाजरीचे पीठ जुने झाले की कडू होते, हे आपल्याला माहीत असल्याने कसावाचे कडू पीठही ‘जुने’ समजून दुसऱ्या पिठात मिसळून संपवण्याकडे कल असतो. बाजरीत तेलाचा अंश बराच असतो आणि ते खवट होते. कसावात स्निग्धांश एक टक्क्याहूनही कमी असतो, त्यामुळे त्याचा कडवटपणा खवटपणातून येत नाही. तो एकतर बुरशीचा असतो किंवा कंदातील सायनाइड देणाऱ्या द्रव्यांचा.

कसावाच्या पेशींत लिनामारिन नावाचे ग्लुकोसाइड असते आणि त्याला फोडणारे लिनामारेज हे विकर पेशीच्या भिंतीत, वेगळे राखलेले असते. पेशी फुटली की दोन्ही एकत्र येतात, लिनामारिनपासून आधी ॲसिटोन सायनोहायड्रिन आणि त्यातून हायड्रोजन सायनाइड तयार होते. हायड्रोजन सायनाइड सुमारे २६ अंश सेल्सिअसलाच उकळते, म्हणजे मुंबईच्या साध्या तापमानात पसरलेल्या किसातून ते उडून जाते. कसावा सुरक्षित करण्याचे सारे तंत्र यावर उभे आहे: पेशी पूर्ण फोडाव्यात, विकराला ओलाव्यात काम करायला थोडा अवधी द्यावा, आणि तयार झालेला वायू निघून जाऊ द्यावा. म्हणूनच किसण्याचे काम खिडक्या उघड्या असलेल्या जागी करावे.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की जाड काप करून वाळवलेल्या कसावात पेशी पुरेशा फुटत नाहीत. उन्हात वाळवलेल्या कापांत मूळ सायनाइडक्षमतेचा (कंदातून निघू शकणाऱ्या एकूण सायनाइडचा) सुमारे पाव ते एकतृतीयांश भाग उरतो, तर ठेचून किंवा किसून वाळवल्यास अगदी अल्प उरतो. काप करणे सोपे असले तरी पिठासाठी किसणेच योग्य आहे. दुसरी गोष्ट अशी की आंबलेल्या, आम्लयुक्त किसात सायनोहायड्रिन स्थिर राहते. सामू पाचच्या वर असेल तरच ते आपोआप विघटित होते. पीठ आंबूस होणे आणि कडवटपणा राहून जाणे हे अनेकदा एकत्र का आढळते, याचे हे एक कारण आहे.

भाजल्यावर किंवा शिजवल्यावर ‘सगळे निघून जाते’ हा समज अपुरा आहे. मोकळे सायनाइड उष्णतेने जाते. लिनामारिन मात्र उष्णतेला टिकून राहते आणि विकर त्याआधीच नष्ट झालेले असते. याच कारणाने ओला कीस ओव्हनमध्ये सुमारे ७० अंशांच्या वर झटपट वाळवणे चुकीचे ठरते. विकर मरते, लिनामारिन आत अडकते, आणि पीठ दिसायला अतिशय स्वच्छ असते.

कंदाचा वाण आणि साल यांचाही विचार करावा. गोड कसावात ताज्या वजनावर किलोमागे ५० मिलिग्रॅमहून कमी सायनाइडक्षमता असते. कडू वाणांत ती याच्या कितीतरी पट असू शकते. आजच्या केरळमधील त्रावणकोर संस्थानात विशाखम तिरुनाल महाराजांच्या काळापासून, म्हणजे १८८० नंतर, हा कंद अन्न म्हणून रुजला. तेथे घरोघरी खाल्ल्या जाणाऱ्या एम-४ सारख्या वाणांची निवड चवीसाठी झालेली आहे. तामिळनाडूत स्टार्चच्या कारखान्यांसाठी लावले जाणारे एच-२२६ सारखे वाण वेगळ्या उद्देशाचे आहेत. तिरुवनंतपुरमजवळ श्रीकार्यम येथे १९६३ साली स्थापन झालेली केंद्रीय कंद पिके संशोधन संस्था वाणांविषयी माहिती देते, आणि मोठ्या प्रमाणावर खरेदी करणाऱ्या गटाने पुरवठादाराला वाणाचे नाव विचारलेच पाहिजे. किरकोळ बाजारात नाव कळत नाही; तेथे ‘उकडून खाण्याचा कप्पा’ म्हणून विकला जाणारा माल घ्यावा. सोलताना वरची तपकिरी साल आणि तिच्या खालचा पांढरट-गुलाबी जाड पापुद्रा असे दोन्ही काढावेत. गरापेक्षा त्या पापुद्र्यात ही द्रव्ये जास्त असतात, आणि वजन वाचवण्यासाठी नेमका तोच ठेवला जातो.

खाद्य कसावा पिठासाठीच्या कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या आयोगाच्या) १९८९ सालच्या मानकात एकूण हायड्रोसायनिक आम्लाची मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आणि आर्द्रतेची मर्यादा १३ टक्के आहे. विक्रीसाठी पीठ करणाऱ्यांनी प्रत्येक नव्या पुरवठादाराच्या पहिल्या घाण्याची मान्यताप्राप्त अन्न-प्रयोगशाळेत चाचणी करून घ्यावी. चव हे मोजमाप नव्हे. कडू लागत नाही म्हणून पीठ सुरक्षित आहे असे धरता येत नाही, आणि कडू लागत असेल तर ते विकू नये.

घरगुती वापरासाठी ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील हॉवर्ड ब्रॅडबरी यांनी पुढे आणलेली भिजवण्याची पद्धत उपयुक्त आहे. कोरड्या पिठात पाणी मिसळून ते सर्वत्र ओले करायचे, परातीत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त जाड होणार नाही असा थर द्यायचा, आणि उन्हात दोन तास किंवा सावलीत पाच तास ठेवायचे. पिठात शिल्लक असलेले विकर पुन्हा कामाला लागते आणि सायनाइडचे प्रमाण तिसऱ्या ते सहाव्या हिश्श्यापर्यंत उतरते. असे ओलवलेले पीठ त्याच दिवशी शिजवून संपवावे. अतिउष्णतेने वाळवलेल्या पिठाला मात्र ही पद्धत लागू पडत नाही, कारण त्यात विकरच उरलेले नसते.

वाळवण: मुंबईचा खरा अडसर

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत स्टार्चयुक्त पीठ उघडे ठेवले तर ते स्वतःहून १७-१८ टक्के ओलाव्यापर्यंत पोहोचते, आणि बुरशीला तेवढा पुरतो. म्हणजे पावसाळ्यात पंख्याखाली पसरलेला कीस कितीही दिवस ठेवला तरी सुरक्षित पातळीपर्यंत वाळूच शकत नाही. हवाच त्याला तेवढा ओलावा परत देत राहते. जून ते सप्टेंबर या काळात यंत्राशिवाय कसावाचे पीठ करू नये, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. डिसेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेचे वारे असताना दुपारची आर्द्रता अनेकदा निम्म्याखाली येते. साठवणीचे पीठ तेव्हाच करून ठेवावे.

हिवाळ्यातही गच्चीच्या तापलेल्या लादीवर प्लास्टिक अंथरून पसरलेला कीस वरून वाळतो आणि खालून घामेजतो. जाळीच्या ताटात किंवा बाजेवर ताणलेल्या स्वच्छ सुती कापडावर, जमिनीपासून दीड-दोन फूट वर, एक सेंटिमीटरपेक्षा पातळ थर द्यावा. सुरुवातीचे तीन-चार तास अर्ध्या-अर्ध्या तासाने हात फिरवून गाठी मोडाव्यात, कारण वाळलेल्या गाठीच्या मध्यभागी ओलावा दडून राहतो आणि पावसाळ्यात दिसणाऱ्या अनेक गाठींची सुरुवात तेथूनच होते. कबुतरे, बांधकामाची धूळ आणि वाहनांची काजळी यांच्यासाठी वर मलमल ताणावी. सोसायटीच्या गच्चीची परवानगी हा आणखी वेगळा विषय आहे. सूर्यास्तापूर्वी ताटे आत घ्यावीत; रात्रीचे दव दिवसभराची मेहनत वाया घालवते.

विजेचा ड्रायर असेल तर तापमान ५० ते ५५ अंशांवर ठेवावे. त्याहून अधिक तापमानाला ओल्या किसातील स्टार्च शिजू लागतो. त्याचे कण काचेसारखे टणक होतात, गिरणीत नीट दळले जात नाहीत आणि पीठ कितीही चाळले तरी दाताखाली कचकचते. ‘पीठ रवाळ होते’ या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते. केरळी दुकानांत मिळणारा वाट्टुकप्पा, म्हणजे अर्धवट उकडून वाळवलेले काप, दळल्यासही असेच होते. तो भाजी-उसळीसारखा शिजवण्यासाठी असतो, पिठासाठी नाही.

‘कुरकुरीत वाळले’ हा अंदाज पुरेसा नाही. दोन सोप्या चाचण्या करता येतात. एका कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर वाळलेला कीस आणि चमचाभर तव्यावर कोरडे केलेले मीठ घालून काही मिनिटे हलवावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा साधारण १५ टक्क्यांहून जास्त आहे. मीठ चिकटले नाही तरी काम संपत नाही, कारण आपल्याला १२ टक्क्यांच्या आत पोहोचायचे आहे. आणखी एक पूर्ण ऊन द्यावे. दुसरी चाचणी वजनाची आहे. काट्यावर मोजलेले १०० ग्रॅम पीठ पसरट भांड्यात ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवून, दर तासाने वजन करत, वजन घटणे थांबेपर्यंत वाळवावे. जितके ग्रॅम घटले तितके टक्के ओलावा होता. हा नमुना खाण्यासाठी वापरायचा नाही. विक्री करणाऱ्या गटाने प्रत्येक घाण्याला ही चाचणी करून आकडा तारखेसह पाकिटावर नोंदवला तर पावसाळ्यातील तक्रारीचे मूळ शोधणे सोपे जाते.

उताऱ्याची अपेक्षाही योग्य ठेवावी. सालीत आणि पाण्यात जाणारे वजन पाहता १० किलो कंदांतून साधारण २ ते २.५ किलो पीठ मिळते. कोणाला चार किलो मिळत असेल तर त्यात अजून पाणी आहे किंवा साल आहे.

दळताना

घरघंटीत दळत असाल तर विशेष अडचण येत नाही. सार्वजनिक गिरणीत आधी गहू दळला गेलेला असतो, त्यामुळे ग्लुटेन टाळणाऱ्यांसाठी किंवा उपवासासाठी पीठ करायचे असल्यास तेथे दळू नये. पहिले अर्धा किलो बाजूला काढल्याने जाते सर्व बाजूंनी स्वच्छ होत नाही. दळलेले पीठ गरम असते. ते तसेच डब्यात भरले की झाकणाच्या आतून पाणी सुटते, आणि उत्तम वाळवलेले पीठही वरच्या थरात गाठी धरते. पंख्याखाली नाही, तर झाकलेल्या परातीत ते गार होऊ द्यावे आणि गार होताच, त्याच दुपारी, भरावे.

साठवण आणि किडे

१२ टक्क्यांच्या आतील पीठ सहा महिने सहज टिकते, अट एवढीच की मुंबईची हवा त्याला लागता कामा नये. मोठ्या डब्यात दहा किलो भरून रोज झाकण उघडणे हे पावसाळ्यात सर्वांत घातक ठरते, कारण प्रत्येक वेळी डब्यातील कोरडी हवा बाहेर जाते आणि दमट हवा आत येते. अर्ध्या किलोच्या जाड पॉलिथिनच्या पिशव्या उष्णतेने सीलबंद करून त्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या किंवा पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात आणि एका वेळी एकच पिशवी उघडावी. विणलेल्या प्लास्टिकच्या पोत्यातून ओलावा सहज आत जातो. त्यात आतून पॉलिथिनचे अस्तर नसेल तर ते साठवणीसाठी वापरू नये. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवून, जमिनीवर किंवा सिंकखाली ठेवू नये. पागडीच्या जुन्या इमारतींत आणि चाळींत पावसाळ्यात भिंती ओल धरतात आणि त्यांना लागून ठेवलेल्या डब्यात आतून दव जमते.

किड्यांच्या बाबतीत तमालपत्र, कडुनिंबाची पाने किंवा लवंगा यांवर भिस्त ठेवू नये. पिठात दिसणारे लहान तांबडे भुंगेरे आणि वाळलेल्या कापांना भोके पाडणारे भुंगे बहुधा आपल्याच स्वयंपाकघरातील जुन्या धान्यातून किंवा गिरणीतून येतात, आणि अंडी दळलेल्या पिठाबरोबर पिशवीत जातात. सीलबंद पिशव्या चार-पाच दिवस डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवल्यास अंडी व अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण तापमानावर येईपर्यंत उघडू नये, अन्यथा थंड पिठावर पाणी धरते. फ्रीजर नसेल तर वाळलेला कीस न दळता बंद डब्यात ठेवून महिन्यापुरताच दळावा असे सुचवले जाते. कोरड्या प्रदेशात ते चालते, येथे मात्र कीस आणि पीठ दोन्ही सारखेच ओलावा धरतात, त्यामुळे त्यात फारसा लाभ नाही.

केव्हा वाचवू नये

नुसते ओलसर झालेले, वास व रंग न बदललेले पीठ उन्हात किंवा ५० अंशांच्या ड्रायरमध्ये पुन्हा वाळवून वापरता येते. थोडे किडे पडलेले पीठ चाळून, गोठवून घरी वापरण्याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. विक्रीला ते ठेवू नये. परंतु हिरवट, काळे किंवा पिवळसर ठिपके, कोळिष्टकासारखे तंतू किंवा कुबट वास असेल तर पूर्ण पिशवी टाकून द्यावी. वरचा थर काढून खालचे वापरणे, चाळणे, ऊन देणे किंवा भाजणे यांपैकी कशानेही बुरशीने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष नाहीसे होत नाही. असे पीठ गुरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नये. ज्या डब्यात ते होते तो डबा साबणाने धुऊन दिवसभर उन्हात पूर्ण कोरडा करावा आणि त्याच घाण्यातील बाकीच्या पिशव्या न उघडता, प्रकाशासमोर धरून, एकेक करून तपासाव्यात.